भोंग्यावरचे पाढे

देगलूरच्या पलीकडे, जिथे मोबाईल कधी महाराष्ट्राचं तर कधी कर्नाटकाचं नेटवर्क धरतो, तिथे होनवाडी नावाचं गाव आहे. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यातले थोरले महादेवप्पा गुरुजी. मधे दोनदा बदली झाली, पण फिरून फिरून गुरुजी होनवाडीलाच आले. गावातल्या निम्म्या बापांना बाराखडी त्यांनीच शिकवली, आणि आता त्या बापांची पोरं त्यांच्यापुढे बसत होती.

गाव गुरुजींना ओळखायचं ते आवाजावरून. अंगापिंडाने माणूस किरकोळ. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि एवढ्याशा देहातून असा आवाज निघायचा की नवीन आलेला केंद्रप्रमुख आधी इकडेतिकडे बघायचा, कोण ओरडलं म्हणून. सकाळी पाढे सुरू झाले की ओढ्यापलीकडे खुरपणाऱ्या बाया म्हणायच्या, "भरली बघा शाळा." छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. एक "हूं?" पुरायचा. शिकवायची तऱ्हाही त्यांचीच. होनवाडीत काही घरांत कन्नड, काही घरांत तेलुगू, बाकीच्यांत मराठी. पोर साताच्या आकड्यावर अडलं की गुरुजी "सात! एळु! एडु!" असं तिन्ही भाषांत गरजायचे, मग कुठल्या ना कुठल्या दाराने तो सात पोराच्या डोक्यात शिरायचाच.

अशा माणसाची कंप्युटरशी पहिली गाठ पडली ती खंडेनवमीला, आणि ती काही बरी पडली नाही.

शाळेला वरून एक कंप्युटर आला होता. गावाने तो बसथांब्यापासून हलगी वाजवत मिरवून आणला. चालवता कुणालाच येत नव्हता, म्हणून त्याच्यावर चादर घालून तो कोपऱ्यात बसवला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जो तो आपापल्या हत्यारांची पूजा करतो. शेतकरी विळ्या-खुरप्यांची, दुकानदार तराजूची. गुरुजींनी शाळेची हत्यारं मांडली. घंटा, लाकडी पट्टी, खडूचा डबा आणि मधोमध कंप्युटर. देव जागा असावा म्हणून तो चालूही करून ठेवला. पडद्यावर विभूती ओढली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि रिवाजाप्रमाणे त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. गुरुजींचा हात मुळातच सढळ. घंटेला काही झालं नाही, पट्टीला काही झालं नाही. कंप्युटरने एकदा चर्र केलं आणि डोळे मिटले.

देगलूरहून मेकॅनिक आला. त्याने डबा उघडला, आत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि विचारलं, "गुरुजी, ह्यात खोबरं कुणी घातलं?"

गावात कुणी चकार शब्द काढला नाही. उलट वीरण्णाने सांगून टाकलं की पूजेत गेला म्हणजे पुण्यवानच म्हणायचा. वीरण्णा म्हणजे गावचा किराणा दुकानदार आणि महादेवाच्या मंदिराचा कारभारी; त्याने एकदा निकाल दिला की तो गावाचा निकाल. पण गुरुजींनी ते मनाला लावून घेतलं. पोरांच्या हक्काची वस्तू आपल्या हाताने गेली, आता पुन्हा यंत्राच्या वाटेला जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. कुणी कंप्युटरचं नाव काढलं की गळ्यावर बोट टेकवून म्हणायचे, "माझा कंप्युटर हितं हाय. ह्याला लाईट लागत न्हाई."

हा हट्ट मोडला तो सुकन्या मॅडमनी. त्या लातूरच्या, गुरुजींच्या लेकीच्या वयाच्या, शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका. त्या रुजू झाल्या आणि थोड्याच काळात कोरोना आला. शाळेला कुलूप लागलं. गुरुजी देगलूरच्या घरात अडकले, मॅडम लातूरला अडकल्या, आणि पोरं होनवाडीत मोकाट सुटली. वरून निरोप आला, शिकवणं ऑनलाईन करा. करा म्हणायला काय जातंय? होनवाडीत स्मार्टफोन मोजकेच, तेही बापाच्या खिशात, आणि बाप रानात.

तोड काढली वीरण्णाने. "मंदिर बंद हाय," तो फोनवर म्हणाला, "पर भोंगा कुठं बंद हाय? गुरुजी, तुमी हिकडं बोलून पाठवा, मी मोबाईल माईकला लावतो. समदं गाव ऐकंल."

मॅडमनी लातूरहून फोनवर एकेक बटण सांगत गुरुजींना रेकॉर्डिंग शिकवलं. "हिरवं न्हाई गुरुजी, माईकचं चित्र. बोट दाबून धरा. धरलं का?" "धरलं." "मग बोला आता." दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवाच्या भोंग्यावरून गुरुजींचा पहिला ऑनलाईन पाठ होनवाडीभर घुमला तो असा: "काय बोलू? रत्नम्मा, हे चालू हाय का बंद हाय गं?" गाव पोट धरून हसलं. टाळेबंदीच्या त्या भयाण दिवसांत गाव पहिल्यांदा हसलं ते त्या पाठाला, असं वीरण्णा आजही सांगतो.

पुढे गुरुजींचं बोट बसलं. रोज सकाळी आंघोळ, पूजा आटोपली की ते मागच्या खोलीत दार लोटून बसायचे आणि भिंतीकडे तोंड करून शिकवायचे. फक्त एक खोड गेली नाही. प्रश्न विचारला की थांबायचे. थांबायचे म्हणजे चांगलेच थांबायचे.

मॅडमनी पहिले काही पाठ ऐकले आणि फोन केला. "गुरुजी, मधी मधी रेकॉर्डिंग बंद पडायलंय."

"बंद न्हाई मॅडम. पोरं उत्तर द्यायलीत."

"अवो, तिथं पोरं कुठं हायत?"

"भोंग्याखाली हायत की. त्यांला बोलू द्यावं का न्हाई?"

गुरुजींच्या बायको रत्नम्माही एकदोनदा दार ढकलून आत डोकावल्या. नवरा भिंतीकडे बघत गप्प बसलेला. त्यांच्या जिवाने धसका घेतला. "एन आतु री?" त्यांनी कन्नडमधे विचारलं, काय झालं म्हणून. गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं. वर्ग चालू होता. आणि तिकडे होनवाडीत खरोखरच पोरं उंबऱ्यांवर बसून उत्तरं द्यायची, त्यांच्या आया तांदूळ निवडता निवडता द्यायच्या, आणि मंदिरामागे एकट्या राहणाऱ्या नागुबाईही आपल्या ओसरीवरून द्यायच्या. शाळेचं तोंड न पाहिलेली ही म्हातारी एकही पाठ चुकवत नव्हती.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा गुरुजी वेगळेच झाले होते. फोनला घाबरणं संपलं होतं. शाळेत मोठा टीव्ही आला तर त्यांनी स्वतः तारा जोडल्या, आणि खंडेनवमीला त्याला लांबूनच हात जोडले. शेजारच्या गावचे म्हातारे शिक्षक अडले की गुरुजींना विचारायला यायचे, आणि गुरुजी दर वेळी आधी सांगायचे, "हे मला सुकन्या मॅडमनं शिकवलं. लई सोसलं बिचारीनं." ते उगाच बोलायचं म्हणून नव्हतं. एवढ्या उतारवयात कुणीतरी आपल्याला न हसता, न चिडता शिकवलं, याचं त्यांना मनापासून अप्रूप होतं.

मग गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला त्यांचा आवाज बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. आवाज वर येईना. नांदेडच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठ सांगितली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, आणि आवाज गेला तो गेलाच. उरली एक कुजबुज, तीसुद्धा अशी की समोरच्या माणसाने कान तोंडापाशी न्यावा तेव्हा कळावी. डॉक्टर म्हणाले, हे एवढंच राहील, ताण देऊ नका.

निवृत्तीला दोन वर्षं होती. घरी पडल्या पडल्या गुरुजींच्या मनात एकच प्रश्न घोळायचा. माझ्याकडे दुसरं होतं काय? विहिरीतलं पाणी आटल्यावर तिला विहीर म्हणायचं ते नुसतं जुन्या ओळखीने. आवाज नसलेल्या माणसाला मास्तर म्हणायचं ते तरी कशाच्या जोरावर?

तरी रजा संपल्यावर ते शाळेत गेले. मॅडमनी त्यांच्या फोनमधे नवीन सोय करून ठेवली होती. मराठीत टाईप करायचं, फोन ते मोठ्याने वाचून दाखवतो. गुरुजींना आनंद झाला. त्यांनी चौथीच्या वर्गात उभं राहून टाईप केलं, बटण दाबलं, आणि फोनमधून एक बाई साखर घोळल्यासारखी बोलली, "मुलांनो, आपण आता पाढे म्हणूया."

पुढच्या ओळीतला शिवांश मागे वळून बघू लागला, ही बाई कुठून आली म्हणून. गुरुजींनी घाईघाईने पुढचं टाईप केलं. बाई म्हणाली, "कृपया शांत राहा." आता मात्र वर्ग खदखदून हसला. सृष्टी नावाची एक चुणचुणीत पोरगी उभी राहून म्हणाली, "गुरुजी, ही बाई पुण्याची हाय. हिला आपलं येत न्हाई."

पोरांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण गुरुजी एकेक अक्षर शोधत बसले. एक प्रश्न टाईप होईपर्यंत पोरांचं ध्यान खिडकीबाहेर जायचं. ज्या वर्गात त्यांनी कधी छडी उचलली नाही, तिथे आज गलका आवरायला शेजारच्या खोलीतून मॅडमना यावं लागलं. मधल्या सुट्टीत गुरुजींनी मॅडमच्या कानाशी वाकून सांगितलं, "स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देतो. पोरांचं नुकसान नको."

मॅडमनी त्यांची समजूत घातली नाही. नुसतं म्हणाल्या, "सोमवारपर्यंत थांबा गुरुजी. माझ्यासाठी."

मधल्या दोन दिवसांत त्यांनी काय केलं ते गुरुजींना नंतर कळलं. त्या भोंग्यावरचे जुने पाठ शोधत फिरत होत्या. गुरुजींचा तेव्हाचा फोन केव्हाच भंगारात गेला होता. मॅडमचा बदलला होता. वीरण्णाने भजनांना जागा पाहिजे म्हणून सगळं पुसून टाकलं होतं. पण तोच म्हणाला, "नागुबाईकडं बगा की. ती रानात रोज वाजवती." आणि खरंच, नागुबाईंच्या बटणांच्या साध्या फोनमधे, भाच्याकडून भरून घेतलेल्या मेमरी कार्डात, पाठच्या पाठ जसेच्या तसे होते.

सोमवारी गुरुजी अर्ज खिशात घेऊनच शाळेत आले. मॅडम त्यांना चौथीत घेऊन गेल्या. टेबलावर एक छोटा स्पीकर होता. त्यांनी बटण दाबलं.

"हं, बसा नीट. आज एकोणतीसचा पाढा. घाबरायचं न्हाई."

गुरुजींनी दाराची चौकट धरली. हा आवाज त्यांचा होता, धडधाकट, खणखणीत, गाठ यायच्या आधीचा. गेलेल्या माणसाने दारात येऊन हाक मारावी तसं त्यांच्या काळजात झालं. त्यांना तिथून निघून जावंसं वाटलं. पण पोरं ताठ बसली होती. कोरोनाच्या दिवसांत ही पोरं आयांच्या कडेवर होती; हा आवाज त्यांनी बोलायला शिकायच्या वयात ऐकला होता.

"एकोणतीस दुणे?" स्पीकर म्हणाला, आणि गप्प झाला.

त्या गप्पपणात लांबून रत्नम्माच्या भांड्यांचा आवाज येत होता. पोरं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली. मग त्यांना कळलं की ही जागा आपल्यासाठी आहे.

"अठ्ठावन्न!"

"शाब्बास!" स्पीकर म्हणाला.

"आयला, गुरुजींला ऐकू गेलं!" शिवांश ओरडला, आणि वर्गाला उधाण आलं. त्रिक सत्त्याऐंशी झालं, चोक एकशे सोळा झालं. आवाज विचारायचा, थांबायचा, पोरं उत्तर फेकायची, आवाज शाब्बास म्हणायचा. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. गुरुजींना वाटलं, चला, बरं झालं. आपण नसलो तरी आता चालेल. हा खोका आहे, मॅडम आहेत. अर्ज द्यायला हरकत नाही. त्यांना हलकं वाटलं आणि त्याच वेळी फार एकटंही वाटलं.

"एकोणतीस सत्ते?"

"दोनशे एक!" शिवांशने ठोकून दिलं, आणि त्याच्यामागे सगळा वर्ग, "दोनशे एक!"

"शाब्बास!" स्पीकर म्हणाला. "पुढं!"

टेबलावर फाडकन हात पडला. पोरं दचकली. गुरुजी चौकट सोडून कधी पुढे आले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी स्पीकर बंद केला आणि मान हलवली. नाही.

वर्ग गोंधळून गेला. सृष्टी उभी राहिली. "पर गुरुजी, तुमीच तर शाब्बास म्हणलाव की!"

गुरुजी हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खरंच की. टाळेबंदीभर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या महादेवप्पाने साऱ्या गावाला शाब्बास म्हटलं होतं. बरोबर असो, चूक असो. त्याला ऐकूच येत नव्हतं. गळा होता, कान नव्हते. आणि आज कान होते. जन्मभर आपण शिकवतो ते गळ्याने, असं ते समजत आले होते. पण एवढ्या गलक्यातून चुकलेलं उत्तर आत्ता उचललं ते कुणी?

त्यांनी शिवांशला फळ्यापाशी बोलावलं. फळ्यावर एकशे चौऱ्याहत्तर लिहिले, एकोणतीस सक, आणि त्याखाली एकोणतीस मांडले. खडू त्याच्या हातात दिला. शिवांशने बोटं मोजली, हातचा घेतला, एकदा पुसलं, पुन्हा लिहिलं. गुरुजी त्याच्या तोंडाशी कान नेऊन उभे राहिले.

"दोनशे तीन," शिवांश हळूच म्हणाला.

गुरुजींना शाब्बास म्हणता येईना. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मागून सगळा वर्ग एका दमात गरजला, "शाब्बास!" ओढ्यापलीकडेही गेला असेल तो आवाज.

संध्याकाळी बस यायच्या आधी गुरुजी मंदिरामागे नागुबाईंच्या ओसरीवर गेले. मॅडम सोबत होत्या, त्यांचं बोलणं म्हातारीला सांगायला. पण सांगायची वेळच आली नाही. गुरुजी खाली वाकले तशी म्हातारीने पाय ओढून घेतले. "आवो, असं करू नगा! मास्तरानं पाया पडायचं नसतंय. मी काय केलं? मालक गेल्यावर घरात माणसाचा आवाज न्हवता. तुमचा होता, म्हणून ठिवला." मग फोन छातीशी धरून, जरा काळजीने तिने विचारलं, "आता काढून घेणार का मॅडम ते?" मॅडमनी सांगितलं की नाही, नुसती नक्कल केली आहे, तुमचं तुमच्यापाशीच राहील. म्हातारीचा जीव भांड्यात पडला. गुरुजींनी हात जोडले ते बराच वेळ सोडले नाहीत. आधी तिच्यापुढे, मग वळून सुकन्या मॅडमपुढे. मॅडम कावऱ्याबावऱ्या झाल्या. "गुरुजी, असं काय," असं म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

बसमधे खिडकीशी बसून गुरुजींनी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले. महादेवाचे, डॉक्टरांचे, वीरण्णाचे, त्या भोंग्याचे, आणि नारळाच्या पाण्याने गेलेल्या त्या पहिल्या गरीब कंप्युटरचेसुद्धा. एवढ्या लोकांनी आपल्याला सांभाळलं, आणि आपण समजत होतो की आपणच त्यांना शिकवतोय. त्यांना लाज वाटली नाही. बरं वाटलं.

घरी रत्नम्मा दारातच उभ्या होत्या. "एन्री, दिलात अर्ज?" त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकायला कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"न्हाई," गुरुजी कुजबुजले. "पोरं एकोणतीसला अजून चुकायलीत. त्या स्पीकरला ऐकू येत न्हाई."